मुलांसाठी खऱ्याखुऱ्या माहितीची चित्रपुस्तकं मराठीत कुठून शोधता?

मुलुंड_पूर्व (सोमवार, रात्री १०.५०)

लेक साडेसहा वर्षांचा, मराठी माध्यम, पहिली. रोज रात्री गोष्ट लागते आणि मी ती नेमाने वाचते. पण गेले दोन महिने स्वारीचं एकच पालुपद, "हे खरं आहे का?" काल कोल्हा आणि द्राक्षं चालू होतं. मध्येच थांबवून म्हणाला, "आई, कोल्हा द्राक्षं खातो? तो तर मटण खातो ना?" मी म्हटलं, अरे, गोष्ट आहे ती. तर म्हणे, "मग खरं असलेलं पुस्तक आण."

आणायला गेले. दादरला दोन दुकानं पालथी घातली. पऱ्या, राक्षस, अकबर-बिरबल, संस्कारकथा ढिगाने. माहितीचं म्हणून जे पुढे केलं त्यात एका पानावर बारा प्राणी आणि खाली नावं. हत्ती आणि उंदीर एकाच मापाचे! नाहीतर थेट सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरं. इंग्रजीत चकचकीत डोंगर आहे, पण झोपेला आलेल्या डोक्याने वाक्यागणिक भाषांतर करत वाचणं मला जमत नाही. तो पकडतोही, "तू मधलं सोडलंस."

मला हवंय ते असं: चित्रं भरपूर, मजकूर बेताचा, एकच विषय नीट धरलेला, आणि खरा. तुम्ही कुठून शोधता?

निव्वळ_वाचक (सोमवार, रात्री ११.०५)

खातो की. कोल्हा फळं आवडीने खातो. बोरं, मका, ऊस, द्राक्षं, काहीही चालतं त्याला. मुलाला सांगा, तेवढा भाग खरा आहे.

टिकोजीराव (सोमवार, रात्री ११.१२)

म्हणजे त्या गोष्टीत खोटी फक्त कोल्ह्याची उडी.

सातभाई (मंगळवार, सकाळी ७.४०)

ताई, तीन ठिकाणं सांगते, तिन्ही वापरून झालेली.

स्टोरीवीव्हर. बंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं संकेतस्थळ. मराठी निवडा, पातळी निवडा (एक ते चार), फुकट वाचा, उतरवून घ्या, छापा, कुणाची परवानगी नको. परवाना मुक्त आहे, म्हणून कुणीही भाषांतर करून टाकू शकतं. हाच त्याचा गुण आणि हीच मेख. काही भाषांतरं फार गोड, काही अशी की "मुंग्या एक रांग बनवतात". आधी स्वतः वाचून घ्या.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका. कागद साधा, किंमत वडापावच्या हिशेबात. जुन्या पुस्तकांतली पक्ष्यांची, झाडांची चित्रं आजही सुरेख वाटतात. अडचण एवढीच, की दुकानदार ती दर्शनी ठेवत नाहीत. त्यात त्यांना सुटतं काय? ग्रंथप्रदर्शनात थेट त्यांच्याच टेबलावर जा.

तिसरं, अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. खेळण्यांसाठी सगळे जातात, पण तिथे पुस्तकं हजारोंनी आहेत आणि मराठीचा वेगळा विभाग आहे. रविवार दुपार मोकळी ठेवून बसा. एकदा शिरलं की संध्याकाळ होते.

टिकोजीराव (मंगळवार, सकाळी ९.१५)

पीडीएफ म्हणजे पुस्तक नव्हे. मुलाच्या हातात मोबाइल देऊन वर म्हणायचं, वाचन चालू आहे! पाच मिनिटांनी बघा, कार्टून सुरू असतं.

सातभाई (मंगळवार, सकाळी ९.४०)

टिकोजीराव, मोबाइल द्या म्हटलंच नाही. छापा म्हटलं. आमच्या स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला सोळा पानं रंगीत, पाठपोट काढून मध्ये दोन पिना मारून देतो. लेकीला तेच आवडतं, कारण त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं तर कुणी ओरडत नाही.

कपाट_क्र_७ (मंगळवार, दुपारी २.३०)

सेवानिवृत्त ग्रंथपाल. एकतीस वर्षं बालविभाग सांभाळला, म्हणून थोडं लांबण लावतो. क्षमस्व.

मुलुंडताई, तुमच्या मुलाला हवंय ते अपवादाचं आहे असं समजू नका. युरोपात मुलांसाठी छापलेल्या सचित्र पुस्तकांत ज्याला मूळपुरुष मानतात, ते चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसचं 'ऑर्बिस पिक्टस' १६५८ साली न्यूरेम्बर्गला निघालं. ते गोष्टीचं पुस्तक नाहीच. दीडशे छोटी प्रकरणं, प्रत्येकाला एक लाकडी ठशाचं चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि शेजारी लॅटिन-जर्मन मजकूर. न्हाव्याचं दुकान, बेकरी, ढग, मासे, सगळं जग. मुळाक्षरं तर प्राण्यांच्या आवाजावरून. पहिलाच मानकरी कोण, तर कावळा! तो 'आ आ' करतो, म्हणून 'अ'. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा कावळा.

आता वाचनालयातली गोम. मराठी वाचनालयांत अशी पुस्तकं असतात, पण बालविभागात नसतात. वर्गीकरणाने ती 'विज्ञान', 'भूगोल', 'स्थापत्य' अशा मोठ्यांच्या कपाटांत जातात, आणि पातळ असल्यामुळे दोन जाडजूड ग्रंथांच्या मध्ये कणा न दिसता अडकून बसतात. बालविभागात नुसतं उभं राहू नका. काउंटरवर विषय सांगा. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघा. जिथे शिक्के दाटीवाटीने पडलेत ते पुस्तक मुलांनी पसंत केलेलं. परीक्षकांच्या शिफारशीपेक्षा मी त्या चिठ्ठीवर जास्त विसंबलो.

मुलुंड_पूर्व (मंगळवार, रात्री ९.२०)

काका, लांबण अजिबात नाही. चिठ्ठीची युक्ती उद्याच करते. आमच्या वाचनालयात मात्र मुलांचं कपाट कुलूपबंद असतं. किल्ली ज्या बाईंकडे, त्या साडेपाचला निघतात. शाळा सुटते सव्वापाचला.

बोरीबंदर (मंगळवार, रात्री ९.५८)

आमच्याकडे एकच विषय. आगगाडी. सकाळी आगगाडी, रात्री आगगाडी. एक पुस्तक मिळालं होतं, त्यात पहिल्या रेल्वेचं पानभर चित्र. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. मजकूर सगळा बरोबर. पण चित्रात रुळांवरून विजेच्या तारा गेलेल्या! माझा पाच वर्षांचा पठ्ठ्या म्हणतो, "बाबा, वाफेच्या इंजिनाला वायर कशाला?" व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला. म्हणजे चित्रकाराने तारा बहात्तर वर्षं आधीच ओढून ठेवल्या. मध्य रेल्वेने अशी तत्परता दाखवली असती तर!

निव्वळ_वाचक (मंगळवार, रात्री १०.०२)

आणि तरी गाडी वीस मिनिटं लेट.

गोष्टीवेल्हाळ (बुधवार, सकाळी ११.१०)

मला हा सगळा सूरच खटकतोय. साडेसहा वर्षांच्या पोराला परी हवी, राक्षस हवा. माहिती काय, आयुष्यभर मिळते. शाळेत मिळते, गूगलवर मिळते. आत्तापासून "खरं का, खरं का" करत बसला तर कविता कशी आवडणार? आजकालच्या आईबापांना मूल म्हणजे स्कॉलरशिपचा अर्ज वाटतो.

मुलुंड_पूर्व (बुधवार, दुपारी १.०५)

गोष्टीवेल्हाळ, गोष्टी मी बंद केलेल्या नाहीत हो. बिरबलाची खिचडी काल पाचव्यांदा झाली. फक्त हंडी किती फुटांवर टांगली होती ते त्याला हवंय. स्कॉलरशिपचं नावही आमच्या घरात कुणी काढलेलं नाही. विचारतोय तो, मी नाही.

काना_मात्रा (बुधवार, दुपारी ४.३०)

प्राथमिक शिक्षिका आहे, पश्चिम उपनगरात. वर्गात पस्तीस मुलं. गोष्ट वाचली की पंचवीस ऐकतात. मुंगीचं वारूळ आतून दाखवणारं चित्र उघडलं की पस्तीसच्या पस्तीस पुढे सरकतात, त्यातही गोष्टीत कधी न रमणारी ती दहा आधी. त्या दहांसाठी तरी ही पुस्तकं हवीत. कल्पनाशक्तीचं म्हणाल, तर वारुळाचं चित्र पाहून एकाने विचारलं, "मुंग्यांना अंधारात खोली सापडते कशी?" आता याला कल्पना म्हणायचं की माहिती, ते तुम्ही ठरवा.

मराठीत मिळत नाहीत यावर माझा तोडगा म्हणजे चिकटपट्टी. रद्दीवाल्याकडून इंग्रजी चित्रपुस्तकं किलोवर घेते, मराठी मजकूर पांढऱ्या कागदावर लिहून पट्ट्या कापते आणि इंग्रजीवर डकवते. सेलोटेप वापरू नका, वर्षात पिवळी पडून सुटते. खळ किंवा साधी डिंकाची कांडी बरी.

भाषांतर करताना शब्दांशी मारामारी होते. फुलपाखराच्या पिल्लाला सगळीकडे 'सुरवंट' छापतात. सुरवंट म्हणजे केसाळ, अंगाला लागला की खाजवणारा. कढीपत्त्यावर मिळते ती गुळगुळीत हिरवी, ती अळी. मुलांनी दोन्ही पाहिलेल्या असतात, फसत नाहीत. आणि अवघड शब्दाला घाबरू नका. 'सहावा' शब्दाशी अडखळणारा माझा विद्यार्थी 'टायरॅनोसॉरस' एका दमात म्हणतो.

एक तक्रारही करून घेते. बाहेरच्या प्रकाशकांच्या मराठी पुस्तकांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. मोठ्यांना फरक पडत नाही. पहिलीतलं मूल तिथे थांबतं, "बाई, हे कुठलं अक्षर?"

भूपृष्ठ (बुधवार, सायंकाळी ६.१५)

डायनोसॉर निघालाच आहे तर सांगतो. पुस्तकांत सगळे अमेरिकेचे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला एक लांब मानेचा, शाकाहारी, भलामोठा सापडलाय, त्याचं नाव इसिसॉरस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलं. संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव मिरवणारा दुसरा डायनोसॉर मला तरी ठाऊक नाही. यावर मराठी चित्रपुस्तक कुणी काढेल का?

टिकोजीराव (बुधवार, सायंकाळी ६.२२)

चंद्रपूरच्या उन्हात शाकाहारी. काय खात होता?

छपाईवाला_वडाळा (बुधवार, रात्री ११.४५)

काना_मात्राबाईंची 'ल'ची तक्रार वाचली. आमची बाजू मांडतो. चाळीस वर्षं छापखान्यात गेली.

रंगीत छपाईला चार प्लेटा लागतात: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. प्रती कमी असतील तर प्लेटा आणि मशीन लावण्याचाच खर्च डोक्यावर बसतो. मराठी चित्रपुस्तक दोन-तीन हजार प्रती छापायचं, मग किंमत शे-दीडशेच्या खाली आणणार कशी? म्हणून बहुभाषिक प्रकाशक काय करतात, चित्रं सगळ्या भाषांसाठी एकदम छापून घेतात आणि अक्षरं फक्त काळ्यात ठेवतात. भाषा बदलली की एकच काळी प्लेट बदलायची. हिंदी झाली, मराठी लावा, मराठी झाली, गुजराती लावा.

आता घरातलं असं एखादं पुस्तक काढून बघा. अक्षर कायम काळं, फिकट रंगावर. गडद आकाशात पांढऱ्या अक्षरातलं वाक्य सापडणार नाही. आणि चित्रातल्या दुकानाची पाटी, बसचा फलक, पेपरचा मथळा, सगळं कोरं! चित्रकाराचा आळस नव्हे तो, त्याला तशी ताकीद असते. मजकुराची चौकट आधी इंग्रजीच्या मापाने कापलेली, त्यात आपल्या वेलांट्या-उकार चेपून बसवायचे. अक्षरजुळणी करणाऱ्याकडे जो फाँट असेल तो लागतो. तिथे तुमचा 'ल' मार खातो.

ही पुस्तकं बहुतेक बत्तीस पानांची असतात, त्याचंही तेच. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं, पाठपोट सोळा, तो एक फॉर्म. दोन फॉर्म म्हणजे बत्तीस. विषय कितीही मोठा असो, माहिती फॉर्मात बसली पाहिजे.

सातभाई (गुरुवार, सकाळी ७.१०)

काका! आत्ता घरातली सात पुस्तकं काढून पाहिली. सातही दुकानांच्या पाट्या कोऱ्या. लेकीने लगेच पेन्सिल आणली, एका दुकानाचं नाव आता 'सौ. आई स्टोअर्स' आहे.

खाडीकाठ (गुरुवार, दुपारी १२.३५)

मूळ मुद्द्याकडे, म्हणजे कोल्ह्याकडे येतो. तिथे एक घोळ आहे आणि तो कुणी काढला नाही.

मुलुंडताई, तुमच्या पुस्तकातल्या कोल्ह्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. तांबूस-केशरी अंग, पांढरी छाती, झुबकेदार शेपूट, टोकाला पांढरं. बरोबर? तो कोल्हा नाहीच. तो युरोपातला लाल फॉक्स. तसला भारतात हिमालयात आणि राजस्थान-कच्छकडे आहे, महाराष्ट्रात नाही. आपण कोल्हा म्हणतो तो मळकट पिवळा-करडा, उंच पायांचा, शेपटीचं टोक काळपट. नात्याने तो लांडग्या-कुत्र्याच्या जवळचा. आपल्या माळरानावर जो छोटा फॉक्स असतो त्याला मराठीत वेगळं नाव आहे, खोकड.

गोंधळ कसा झाला असेल? पंचतंत्रातले करटक-दमनक अस्सल कोल्हे. द्राक्षांवाला इसापाचा, ग्रीसचा, म्हणजे फॉक्स. मराठीत आणताना दोघांनाही कोल्हा केलं, आणि चित्रं पुढे इंग्रजी पुस्तकांतून उचलली. गोष्टीत हे खपून जातं. पण 'जंगलातले प्राणी' नावाच्या माहितीच्या पुस्तकातही तेच केशरी चित्र आणि खाली 'कोल्हा'. माझ्याकडे अशी तीन आहेत. माहितीच्या पुस्तकात चित्र हीच माहिती असते. ते चुकलं की खालच्या चार ओळी बरोबर असून उपयोग काय?

आणि हा प्राणी लांबचा नाही. विक्रोळी, भांडुप, ऐरोलीच्या खारफुटीत कोल्हे आहेत. मुलुंडहून रिक्षाच्या अंतरावर. मी पहाटे दोनदा पाहिलेत.

मुलुंड_पूर्व (गुरुवार, दुपारी १२.५०)

थांबा. भांडुपला कोल्हा??

खाडीकाठ (गुरुवार, दुपारी १.०२)

हो. आणि त्याला मोठी माणसं 'भटकं कुत्रं' म्हणून सोडून देतात. लांबूनच बघायचं, जवळ जायचं नाही, खायला घालायचं नाही. मुलाला हेही सांगा.

राणीची_बाग (गुरुवार, दुपारी ३.१८)

चित्रांचा विषय आहे तर पेंग्विनचंही घ्या. पुस्तकात पेंग्विन म्हटला की बर्फ. भाच्याला राणीच्या बागेत नेलं, तर काचेपुढे रडायलाच लागला, "यांचा बर्फ कुठंय, त्यांना उकडत असेल." २०१६ साली इथे आले ते हम्बोल्ट जातीचे. ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, खडकांच्या कपारीत किंवा बिळात अंडी घालतात, बर्फाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. घरी येऊन जगाचा नकाशा काढून दाखवला तेव्हा कुठे निवला. आता शाळेत बर्फात पेंग्विन रंगवायला दिला की वरती सूर्य काढतो. बाईंनी गुण कापले.

वेसावकर (गुरुवार, रात्री ८.५५)

मी कोळीवाड्यातली. नातीला 'समुद्रातले जीव' नावाचं पुस्तक बक्षीस मिळालं. देवमासा, डॉल्फिन, तो नारंगी पट्ट्यांचा मासा, समुद्रघोडा. पोरीने शेवटपर्यंत पानं उलटली आणि विचारलं, "आये, यात बोंबील कुठे?" पापलेट २०२३ मध्ये राज्याचा मासा झाला, तोही नाही.

मग आम्ही घरीच पुस्तक केलं. जुन्या कॅलेंडरची पाठ, आठ पानं, सुईदोऱ्याने शिवलेली. चित्रं तिची, सांगणं माझं. एका पानावर बोंबील वाळत घालतात ते. तिने आधी प्रत्येक बोंबलाला कपड्याचा चिमटा काढला होता. मी तिला अंगणात नेलं. म्हटलं, बघ, चिमटा लागतच नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, दात असे आत वळलेले असतात की सुटत नाहीत, आणि जोडी आडव्या बांबूवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. तिने स्वतः पाच जोड्या टाकल्या, बोट सोलवटून घेतलं आणि मग चित्र बदललं. सोलवटलेलं बोटही काढलंय.

काना_मात्रा (गुरुवार, रात्री ९.१०)

वेसावकर मावशी, त्या पुस्तकाची झेरॉक्स मिळेल का? पस्तीस प्रती. पैसे देईन.

वेसावकर (गुरुवार, रात्री ९.३०)

पैसे कसले. पण नातीला विचारावं लागेल, लेखिका ती आहे.

गोष्टीवेल्हाळ (गुरुवार, रात्री ९.४४)

बोंबलाची जोडी वाचून मी थोडा मवाळ झालोय, कबूल करतो. पण परी सोडणार नाही.

निव्वळ_वाचक (गुरुवार, रात्री ९.४६)

परीचे पंख कुठल्या फुलपाखराचे असतात, यावर बत्तीस पानं सहज होतील.

सातभाई (शुक्रवार, सकाळी ८.०५)

आणखी एक आठवलं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासूनचं, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. सहा वर्षांच्या मुलाला थोडं मोठं पडेल, पण चित्रं दाखवत तोंडी सांगता येतं. आणि मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेऱ्या काढतात. मुलाला आधी तिथे न्या, घरी आलं की स्वतःच पुस्तक मागतं. आमच्याकडे समुद्री गोगलगायीचं असंच झालं.

मुलुंड_पूर्व (रविवार, रात्री १०.१५)

सगळ्यांचे आभार, आणि एक पंचाईत.

शनिवारी अर्धी रजा टाकली आणि किल्लीवाल्या बाई निघायच्या आत वाचनालय गाठलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे मोठ्यांच्या विज्ञानाच्या कपाटात हात घातला. दोन जाड कोशांच्या मध्ये चेपलेली चार सापडली! मुंग्या, पाऊस, पूल कसे बांधतात आणि रानातले प्राणी. पाऊस आणि पूल झाले. आज 'पूल' तिसऱ्यांदा चालू आहे. ऐरोलीच्या पुलावरून जाताना खांब मोजून झाले.

खाडीकाठांनी लिहिलेलं मी त्याला शुक्रवारीच वाचून दाखवलं होतं. 'रानातले प्राणी' आणलं तेव्हा पहिलं कोल्ह्याचं पान शोधलं. केशरी, पांढरं टोक. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर स्वारीने चित्राखालच्या नावावर काट मारून, पेन्सिलने, आपल्या त्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: "हा कोल्हा नाय. कोल्हा भांडूपला आहे."

कपाट_क्र_७ काका, पुस्तक वाचनालयाचं आहे. खोडरबराने पुसू का? डाग पडेल अशी भीती वाटते.

कपाट_क्र_७ (रविवार, रात्री १०.३२)

पुसू नका. खाली तारीख घाला.